गेटवेसमोर १९४६ बद्दल एक ओळ नसावी?

कुलाबेकर:
कमानीवर काय कोरलंय, तर २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले. त्यातही साल रोमन आकड्यांत. गाईड पुढे २८ फेब्रुवारी १९४८ सांगतात: सॉमरसेट लाइट इन्फंट्री इथूनच मायदेशी निघाली. मधलं नाविक बंड कुणाच्या तोंडी नाही. महायुद्धासाठी ब्रिटिशांच्या भारतीय नौदलात भरती केलेली ही पोरं. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' तळावर त्यांनी जेवण नाकारलं. अन्न निकृष्ट, वर गोऱ्या कमांडरच्या शिव्या. बघता बघता बंदरातल्या जहाजांवरचे युनियन जॅक खाली आले. रसद तुटली तेव्हा मुंबईकर फळं, दूध, पाव घेऊन गेटवेच्याच धक्क्यावर आले. तिथे एक पाटी हवी, मराठीत, ठळक.

दादरचे मास्तर:
साफ असहमत. कुलाब्यात या उठावाचं स्मारक आहे की! आणि बंड टिकलं किती? २३ ला शरणागती, तीही सरदार पटेलांच्या सांगण्यावरून. काँग्रेस आणि लीग, दोघांनी हात झटकले होते. पाट्याच लावत सुटलात तर कमान दिसायची नाही.

लालबागचा नातू:
मास्तर, हात पुढाऱ्यांनी झटकले, लोकांनी नाही. २२ ला कम्युनिस्टांच्या हाकेवर गिरण्या बंद पडल्या. लष्कर रस्त्यावर उतरलं, गिरणगावात गोळीबार झाला. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. शहरात दोनशेवर माणसं मेली, बहुतेक साधी कामगार मंडळी. पण धागाकर्त्याशीही माझं जमत नाही. रक्त सांडलं परळ-लालबागला आणि पाटी गेटवेला? म्हणजे पुन्हा साहेबाच्या दारातच!

गोदीवाला:
पाट्यांची वाटणी चाललीच आहे तर गोदीचंही बघा. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच पोटात कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. युद्धाची घाई, दुसरं काय. दुपारी आग लागली आणि चारनंतर दोन स्फोट झाले. ६६ अग्निशामक गेले. त्यांना दरवर्षी मानवंदना मिळते, ते योग्यच. पण गोदीतले हमाल, आजूबाजूच्या वस्तीतली माणसं? मेले ते शेकड्यांनी. त्यांची नावं कुठल्या चौकात वाचलीत?

दादरचे मास्तर:
गोदीवाल्यांना शंभर टक्के अनुमोदन. पण ती पाटी बंदरावर हवी. गेटवेचा संबंध नाही.

कुलाबेकर:
@लालबागचा नातू, परळलाही लावा, मी वर्गणी देतो. पण कॅसल बराक्स, म्हणजे आजची 'आयएनएस आंग्रे', गेटवेपासून चालत जाण्याइतकी जवळ. २१ ला तिथे नौसैनिक आणि लष्कर यांच्यात गोळ्या झडल्या. म्हणजे रक्त इकडेही सांडलंय.
@मास्तर, कमान दिसायची नाही म्हणता? त्याच आवारात २६ जानेवारी १९६१ ला शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. कमान झाकली गेली का? आणि कुलाब्यातलं स्मारक शोधत कोण जातंय? आमच्या सोसायटीतल्या निम्म्यांना ते माहीतच नाही.

दादरचे मास्तर:
महाराजांशी बरोबरी करू नका, तिथेच तुमचा मुद्दा पडतो. सोसायटीवाल्यांना माहीत नसेल तर एका रविवारी घेऊन जा त्यांना. त्यासाठी गेटवेला खिळे कशाला ठोकायचे?

लालबागचा नातू:
खिळे नकोत, जमिनीत दगड बसवा. आणि परळची वर्गणी लिहून घेतली आहे, बरं का.