'माँ रेवा' कुठं गेलं?

भावा, इंडियन ओशन या बँडच्या गाण्यांची यादी केलीस, त्यात 'बंदे' पहिलं ठेवलंस, हरकत नाही. पण 'माँ रेवा' गाळलंस, हे काय पटलं नाही बघ. २००० सालच्या 'कंदिसा' अल्बममधलं नर्मदेचं लोकगीत ते. बँडमधला राहुल राम स्वतः नर्मदा बचाव आंदोलनात राबलेला माणूस, म्हणून ते उसनं वाटत नाही. आणि त्याचं बेस गिटार! पहाटे रंकाळ्यावर हेडफोन लावून ऐक, नाद खुळा.

'कंदिसा' हे गाणं म्हणजे अरामी भाषेतली प्रार्थना. अक्षर कळत नाही, तरी माझं पाठ आहे (घरचे हसतात). बँडमधले असीम चक्रवर्ती २००९ साली गेले. तबला वाजवता वाजवता गाणारा माणूस. त्यानंतरची गाणीही ऐकतो मी, पण परत परत नाही.