आरोग्य केंद्रावर गावाची नजर: आदिवासी भागात ही देखरेख योजना की हक्क?

रानवाट
महाराष्ट्रात २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार, अमरावती आणि ठाणे होते. औषधसाठा, नर्सताईंच्या गावभेटी, बाहेरून आणायला लावलेली औषधं यांची माहिती गावाने गोळा करायची, हिरवा-पिवळा-लाल शेरा देऊन प्रगतीपुस्तक भरायचं आणि ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवायचं. काम चांगलंच. पण पेसा गावांत, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा जिथे लागू आहे तिथे, हे योजना म्हणून का चालवायचं? १९९६ च्या पेसा कायद्याचं कलम ४ सांगतं की सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा व योग्य पातळीवरच्या पंचायतींना मिळावा. योजनेचा पैसा आटला की देखरेख थांबते. हक्क आटत नाही.

जुनाडॉक्टर
बॉन्डचं, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं एक वर्ष आणि वर दोन, असा मी अशाच प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. जनसुनवाईत तासभर उभा राहिलोय. प्रश्न एकच, डॉक्टर रात्री का नसतो? मंजूर पदं दोन, भरलेलं एक, म्हणजे मी. दुसरं पद भरणारा साहेब सभेत नव्हता. लोकांचा राग रास्त होता, पण निघाला हजर माणसावर. त्यानंतर आमच्या नर्सताईंनी बदलीचा अर्ज टाकला. आणि 'नियंत्रण' म्हणजे काय हो? औषधाचा डोस ग्रामसभा ठरवणार?

रानवाट
डोस कुणी मागितला? दवाखान्याचं दार उघडं आहे का, हे बघायला एमबीबीएस लागत नाही. रिक्त पदाचं मात्र पटलं. पद भरणाऱ्यालाच सभेत बसवायला हवं. ब्राझीलमध्ये आरोग्य परिषदांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांच्या असतात, आदिवासींसाठी ३४ वेगळे आरोग्य जिल्हे आहेत आणि त्यांच्या परिषदाही वेगळ्या.

जुनाडॉक्टर
परदेशातलंच काढायचं तर न्यूझीलंडचंही घ्या. माओरी आरोग्य प्राधिकरण २०२२ मध्ये कायद्याने उभं केलं, सरकार बदललं, २०२४ मध्ये मोडलं. तुमचा न आटणारा हक्क तो हाच.

तापीकाठ
तुम्ही दोघं मराठीत भांडताय म्हणून सांगते. आमच्याकडे सभेतलं बोलणं कोरकूत आणि इतिवृत्त मराठीत. माझी आत्या ग्राम आरोग्य समितीवर होती. समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी असतो, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचं. त्यातून खुर्च्या आणि सतरंजी आली, हे तिला अंगठा दिल्यावर कळलं. तिला एकच विचारायचं होतं, दवाखान्यात कोरकू बोलणारं कुणी का नाही? छापील तक्त्यात तो प्रश्न नव्हता, म्हणून त्याला हिरवा, पिवळा, लाल कुठलाच रंग मिळाला नाही. आधी यादी आमची होऊ द्या, मग नियंत्रणाचं बोलू.

रानवाट
ताई, हे माझ्या मूळ लिखाणात यायला हवं होतं. कायद्याच्या नादात राहून गेलं.

जुनाडॉक्टर
मीही कोरकू गावांतच होतो. तुमच्या आत्यांनी हे मला विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. तीन वर्षांत वीसेक शब्द शिकलो. 'कुठे दुखतं' एवढं विचारता यायचं. समोरची बाई काय सांगायची, ते सफाईकामाला येणाऱ्या मावशी समजावून द्यायच्या. त्या रजेवर असल्या की अंदाजानेच चालायचं.