८ महिन्यांची बीगल बाहेर शू करतच नाही, घरात आल्यावर करते

प्रश्न

आमच्याकडे ८ महिन्यांची बीगल जातीची कुत्री आहे. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. ३ महिन्यांची असताना तिला आणले, तोवर ती भावंडांसोबत फरशीच्या एका खोलीतच वाढली होती. सकाळ-संध्याकाळ मी तिला अर्धा-अर्धा तास फिरवते. ती गवत हुंगते, कावळ्यांच्या मागे धावते, पण शू करत नाही, आणि घरी येऊन गळ्यातला पट्टा काढला की लगेच सतरंजीवर किंवा देवघरासमोर बसते. रागावल्यापासून ती सोफ्यामागे जाऊन शू करू लागली आहे. सासूबाईंचा धीर सुटत चालला आहे आणि तिला परत देण्याचा विषय घरात निघू लागला आहे. मला ते अजिबात नको आहे. काय चुकते आहे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

शिकवण्याचा विचार करण्याआधी पशुवैद्यांकडून लघवीची तपासणी करून घ्यावी. माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग बऱ्यापैकी आढळतो. ती वारंवार थोडी थोडी शू करत असेल, शू करताना कुंथत असेल किंवा झोपेत तिचे अंथरूण ओले होत असेल, तर हा सवयीचा दोष नसून आजार असू शकतो.

प्रतिसाद २

तपासणी ठीक आली, तर माझ्या मते आपली बीगल मंद नाही. ती एक गोष्ट पक्की शिकलेली आहे, फक्त ती आपल्याला नको असलेली आहे. पहिल्या ३ महिन्यांत पिल्लाच्या पायांखाली जो पृष्ठभाग असतो, तीच शू करण्याची जागा असे ते मानू लागते, आणि तिच्यासाठी ती जागा म्हणजे फरशी आहे. म्हणून तिची शू टिपलेले जुने फडके बाहेर, एकाच ठरलेल्या झाडाखाली ठेवावे, आणि तिला पट्ट्यासह तिथे नेऊन, न बोलता, ५ ते १० मिनिटे उभे राहावे. शू झाल्याबरोबर, घरी आल्यावर नव्हे, तिथल्या तिथे खाऊ द्यावा आणि त्यानंतरच फिरायला न्यावे. बहुतेक जण इथेच चुकतात: कुत्र्याने शू केली की ते त्याला लगेच घरी आणतात, आणि मग शू केली की गंमत संपते हे ओळखून ते शू धरून ठेवू लागते.

बाहेर काहीच झाले नाही, तर घरी आल्यावर पट्टा काढू नये, तो आपल्या कमरेला बांधून तिला जवळच ठेवावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा खाली न्यावे. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर आणि खेळ संपल्यावर न चुकता न्यावे. या वयात दिवसातून दोन वेळा पुरत नाहीत. रागावणे मात्र पूर्ण थांबवावे, कारण त्यातून तिला फरशी चुकीची आहे हे कळत नाही. आपल्यादेखत शू करणे धोक्याचे आहे एवढेच कळते, आणि मग ती बाहेरही आपल्यासमोर करत नाही. सोफ्यामागे जाण्याचे कारण हेच असावे.

प्रतिसाद ३

सतरंजी काही दिवस उचलून ठेवावी. फिनाइलने आपल्याला वास येईनासा होतो, पण कुत्र्याला तो येतच राहतो. त्यासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमयुक्त द्रावण मिळते, ते डागावर ओतून सांगितलेला वेळ तसेच राहू द्यावे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. लघवीची तपासणी ठीक आली. आज १९ दिवस झाले. पहिले ६ दिवस झाडाखाली काहीच घडले नाही आणि मी रोज ६-७ वेळा जिने उतरत होते. सातव्या दिवशी सकाळी तिने फडक्याजवळ शू केली, तेव्हा मला अक्षरशः रडू आले. आता दिवसातली बहुतेक शू बाहेर होते. या आठवड्यात घरात दोनदा झाली, दोन्ही वेळा पाऊस होता आणि ती ओल्या गवतावर पाय ठेवायला तयार नव्हती. पावसात काय करावे?

प्रतिसाद २

पार्किंगमध्ये छताखाली नेऊ नये, कारण तिथे पुन्हा फरशीच आहे. सोसायटीची परवानगी असल्यास त्याच झाडाखाली मोठी छत्री किंवा ताडपत्री बांधावी आणि खाली कोरडी माती पसरावी. पावसाळाभर खाऊ थोडा अधिक चविष्ट ठेवावा. माझ्या कुत्रीसाठी उकडलेल्या चिकनचे तुकडे उपयोगी पडले.