आई-बाबांना घेऊन ब्लॅकपूल, गाडी नाही. ट्रेन की कोच?

खिडकीची_सीट

नमस्कार मंडळी, आई-बाबा आलेत तीन महिन्यांसाठी आणि ऑक्टोबरमध्ये लेकाला हाफ टर्मची सुट्टी आहे तेव्हा सगळ्यांनी समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जाऊन तिथली दिव्यांची रोषणाई बघायची असं ठरतंय. आम्ही लंडनला राहतो, गाडी नाहीये, भाड्याने घेऊन एवढं लांब चालवायची नवऱ्याची तयारी नाही आणि मी त्याला आग्रहही करणार नाही. बाबा ७२, आई ६८, लेक ७ वर्षांचा. आईचा गुडघा बरा नाहीये, सपाट रस्त्यावर ती छान चालते पण जिने आले की थांबत थांबत.

कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, थेट जातो आणि तिकीटही बरंच कमी दिसतंय, ट्रेनने गेलं तर वाटेत प्रेस्टनला गाडी बदलायची म्हणतात. सामान, आई आणि लेक, तिघांना सांभाळत ट्रेन बदलणं जमेल का? पोचल्यावर तिथे फिरायचं कसं, आणि रात्री रोषणाई बघून हॉटेलवर परत यायला काही मिळतं का? ऑफिसमधला एक जण म्हणाला की इथे म्हाताऱ्यांना बस फुकट असते, मग बाबांना तो पास काढता येईल का? आईला समुद्र दाखवायचाय हो, ती इथे आल्यापासून घरातच आहे, म्हणून जरा नीट प्लॅन करायचाय. ज्यांनी बिनगाडीचं ब्लॅकपूल केलंय त्यांनी प्लीज सांगा.

प्रेस्टनकर

ताई, ट्रेनने या, डोळे मिटून. मी प्रेस्टनजवळ अकरा वर्षं राहतोय आणि आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ब्लॅकपूलला नेलंय.

लंडन यूस्टनहून प्रेस्टन सव्वादोन-अडीच तास. तिथून ब्लॅकपूल नॉर्थ अर्धा तास धरा, आणि त्या गाड्या दिवसभर भरपूर असतात, एक चुकली तर फार वेळ बसावं लागत नाही. यूस्टनहून थेट ब्लॅकपूल नॉर्थला जाणाऱ्याही थोड्या गाड्या असतात, तुमच्या वेळेला तशी मिळाली तर बदलायचा प्रश्नच मिटला. नाही मिळाली तरी घाबरू नका, प्रेस्टनला लिफ्ट आहे. आईंसाठी पॅसेंजर असिस्ट, म्हणजे रेल्वेची मदत, बुक करा, फुकट असतं, गाडीच्या दोन तास आधीपर्यंत सांगितलं तरी चालतं पण तुम्ही आदल्या दिवशीच करून ठेवा. माणूस डब्यापाशी येतो, पुढच्या गाडीत बसवून देतो. माझ्या सासूबाईंना आधी फार संकोच वाटत होता की मी काय एवढी आजारी आहे का, पण एकदा अनुभव घेतला आणि आता त्या स्वतःच विचारतात बुक केलंस का म्हणून.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. प्रेस्टनला ब्लॅकपूल नावाच्या दोन गाड्या दिसतील, एक नॉर्थची आणि एक साउथची. साउथची लाइन एकेरी आहे, गाडी डिझेलवर चालते आणि तासाला साधारण एकच असते, ती लिदम, सेंट अ‍ॅन्सवरून फिरून जाते. नॉर्थची लाइन २०१८ मध्ये विजेवर आली. दोघींचे रस्ते वाटेतल्या कर्कम स्टेशनला वेगळे होतात. मी पहिल्या वर्षी घाईत फक्त "ब्लॅकपूल" वाचून साउथच्या गाडीत चढलो होतो, हॉटेल नॉर्थ स्टेशनच्या मागे आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, नोव्हेंबरचा पाऊस, हातात दोन बॅगा. चढलातच चुकून तर कर्कमला उतरा आणि नॉर्थची पकडा, त्याच्या पुढे जाऊ नका.

तिकीट लंडन ते ब्लॅकपूल असं एकच काढा. अ‍ॅडव्हान्स तिकिटाला गाडी ठरलेली असते, पण पहिली गाडी लेट झाल्यामुळे पुढची चुकली तर त्याच तिकिटावर त्यानंतरच्या गाडीत बसता येतं. आणि ब्लॅकपूलला पंधरा मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचलात तर डिले रिपे, म्हणजे उशिराची भरपाई, मागा, बरेच लोक कंटाळा करून सोडून देतात.

आई-बाबांसाठी सीनियर रेलकार्ड, म्हणजे सवलतीचं कार्ड, काढा, ६० च्या पुढे कोणालाही मिळतं, इथला रहिवासी असायची अट नाही. तिकिटावर एक तृतीयांश सूट.

कोचवाला_पोरगा

मी थोडं कोचच्या बाजूने बोलतो, कारण सगळे ट्रेनच सांगणार हे माहीत होतं. शिकायला आलो तेव्हापासून सगळी इंग्लंड मी कोचने बघितलीये. एकदा सामान पोटात टाकलं की उतरेपर्यंत बघायचं नाही, कुठे बदलायचं नाही, आत टॉयलेट असतं. पैशाचा फरक पाच माणसांना खरंच मोठा पडतो.

पण तुमचं वाचून मी स्वतःच म्हणेन की आईंना घेऊन नको. लंडनहून सहा-सात तास म्हणजे चांगला रस्ता असेल तर, आणि हाफ टर्मच्या शुक्रवारी एम ६ हायवेवर चांगला रस्ता नसतो. गेल्या वर्षी आम्ही चौघे मित्र असेच शुक्रवारी निघालो, कंपनीचं नाव घेत नाही, अडीच तास उशिरा पोचलो आणि ज्या छोट्या गेस्ट हाउसमध्ये खोली होती तिथलं दार बंद, मालक झोपलेला, फोन लागेना. आम्ही तरुण होतो म्हणून रात्री बाराला प्रोमेनाडवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, थंडी वाऱ्यात चालत राहिलो. गुडघा दुखणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन असं झालं असतं तर, विचारही करवत नाही. आणि सीटवर इतके तास गुडघा मुडपून बसणं हा वेगळाच त्रास आहे, ट्रेनमध्ये निदान उठून दोन पावलं चालता तरी येतं.

कोचनेच जायचं असेल तर मधल्या वारी सकाळचा घ्या, आणि गेस्ट हाउसला आधी फोन करून सांगा की उशीर होऊ शकतो.

ट्रामवेडी

अगं, ट्रामबद्दल कोणी बोललंच नाही अजून! मी ब्लॅकपूलमध्ये नर्स म्हणून नोकरी केलीये सहा वर्षं, ड्यूटीला ट्रामनेच जायचे, त्यामुळे माझं उत्तर लांबणार आहे.

ब्लॅकपूलमध्ये फिरायचं म्हणजे ट्राम. ही लाइन १८८५ मध्ये सुरू झाली, विजेवर चालणारी, आणि देशातल्या बाकीच्या बहुतेक गावांनी आपापल्या ट्राम मोडीत काढल्या तेव्हा या गावाने आपली ठेवली. दक्षिणेला स्टार गेट ते उत्तरेला फ्लीटवुड, अकरा मैल, आणि त्यातला बराचसा रस्ता समुद्राला लागून. २०१२ पासून नव्या ट्राम आहेत, प्लॅटफॉर्म आणि ट्रामची फरशी एका पातळीवर, पायरीच नाही, तुझ्या आईसाठी याहून सोपं काही नाही. आत कंडक्टर असतो, तिकीट त्याच्याकडे मिळतं. दिवसाचा पास घेतला की ट्राम आणि तिथल्या ब्लॅकपूल ट्रान्सपोर्टच्या बस दोन्ही चालतात, दिवसातून चार-पाच वेळा चढ-उतर होतेच, त्यामुळे तोच घे.

आणि जून २०२४ पासून ट्राम थेट नॉर्थ स्टेशनपाशी येते. हे माझ्या वेळेला नव्हतं. तेव्हा स्टेशनवरून टॅलबट रोडने समुद्राकडे बॅगा ओढत चालावं लागायचं, लोक पाऊस-वाऱ्यात चालताना मी रोज बघायचे. आता स्टेशनातून निघून ट्राम पकडता येते, फक्त ती कुठल्या दिशेची आहे ते वाचून चढ.

म्हणून माझा सल्ला असा की हॉटेल आधी बघू नकोस, ट्रामचा स्टॉप आधी बघ आणि त्याच्यापासून दोन-तीन मिनिटांवर हॉटेल घे. समुद्रापासून चार गल्ल्या आत स्वस्त खोल्या असतात पण रात्री आईला तेवढं चालवणं नको. लिफ्ट आहे का तेही फोन करून विचार, ती जुनी उंच गेस्ट हाउसं असतात ना, त्यात बऱ्याच ठिकाणी नुसते अरुंद जिने.

आता रोषणाई. ती स्टार गेटपासून बिस्पमपर्यंत, सहा मैलांच्या आसपास पसरलेली असते. गाड्या प्रोमेनाडवर मुंगीच्या गतीने जातात, बसही त्यातच अडकतात, ट्रामला मात्र तिथे स्वतःचे वेगळे रूळ आहेत. पण रोषणाई सुरू झाली की ट्राम गच्च भरते, मधे ब्लॅकपूल टॉवरपाशी उभं राहून चढायला गेलीस तर दोन ट्राम सोडाव्या लागतील. त्यापेक्षा उजेड असतानाच बसून एका टोकाला, म्हणजे स्टार गेटला जा, आणि तिथून अंधार पडताना परतीची ट्राम पकड. तिथून निघतानाच बसायला जागा मिळते, आई-बाबांना खिडकी मिळते, आणि सगळी रोषणाई बसल्या जागी बघून होते. मी माझ्या बाबांना असंच नेलं होतं, ते गेले आता, पण त्या दिवशी काचेला नाक लावून लहान मुलासारखे बघत होते ते मला अजून दिसतं.

जोरात वारा सुटला तर मात्र हॉटेलातून निघायच्या आधी ट्राम चालू आहे का बघून निघ. लाटा प्रोमेनाडवर येतात, स्टार गेटच्या बाजूला रुळांवर वाळू येऊन बसते, अशा वेळी सेवा मध्येच थांबते.

रेल्वेप्रेमी_७४

वर सीनियर रेलकार्ड सांगितलंय ते बरोबर आहे पण यांना त्याची गरज नाही. मुलगा बरोबर आहे ना, मग फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड, एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं. तुम्ही नवरा-बायको, आई-बाबा आणि लेक, सगळे एका कार्डात मावलात. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलाला ६० टक्के. वर्षाचे ३५ पौंड, या एकाच फेरीत वसूल होतील. अट एवढीच की मुलगा बरोबर हवा आणि कार्डावर ज्याचं नाव आहे तो प्रवासात हवा. लंडनच्या भागात सोमवार ते शुक्रवार सकाळच्या गर्दीच्या वेळेला ते चालत नाही, त्यामुळे जरा उशिराची गाडी बघा. आई-बाबा दोघंच कुठे फिरणार असतील तर सीनियर काढा.

फुकट बस पासचं. तो इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनाच मिळतो, पेन्शनचं वय झाल्यावर, भेटीला आलेल्यांना नाही. पण बसचं भाडं काही घाबरण्यासारखं नाही, जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमधल्या बहुतेक बसना एका फेरीला जास्तीत जास्त ३ पौंड.

तारीख ठरवताना रविवार टाळा. रेल्वेची रुळांची कामं बहुतेक रविवारी काढतात आणि मग मध्येच उतरवून बसमध्ये बसवतात. तिकिटं साधारण बारा आठवडे आधी येतात, शनिवार-रविवारची कधी कधी त्याहून उशिरा, त्यामुळे आज दिसली नाहीत तर गाडीच नाही असं समजू नका.

बाबांना आवड असेल तर त्यांना एक सांगा. लँकेशरच्या, म्हणजे ब्लॅकपूलच्या आसपासच्या भागातल्या, गिरण्या वर्षातून एक आठवडा बंद असायच्या, वेक्स वीक म्हणायचे, एकेका गावची गिरणी वेगवेगळ्या आठवड्यात बंद, आणि अख्खं गाव ट्रेनने ब्लॅकपूलला यायचं. त्यासाठी टॉवरच्या अगदी जवळ ब्लॅकपूल सेंट्रल नावाचं १४ प्लॅटफॉर्मचं स्टेशन होतं. १९६४ मध्ये ते बंद केलं आणि जागेवर गाड्यांचं पार्किंग आलं. आमचे वडील गिरणगावातले, त्यांना मी ती जागा दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, नंतर म्हणाले, इथेही तसंच झालं होय.

खिडकीची_सीट

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते स्वतः गिरणीत होते, त्यामुळे आता त्यांना ते पार्किंगच आधी बघायचंय, रोषणाई नंतर.

मंगळवारी जाऊन गुरुवारी परत असं ठरलं. नवरा कार्ड काढतोय. ट्रामवेडी ताई, तुम्ही बाबांचं लिहिलंत ते वाचून डोळे भरून आले. स्टार गेटवरून सुरुवात करायची, ठरलं. फक्त एक विचारायचं राहिलं, बुधवारी दिवसा काय करू? गर्दीचा पाळण्यांचा पार्क लेकासाठी एक दिवस ठीक आहे पण आई-बाबांना शांत काहीतरी हवं.

ट्रामवेडी

मग नवरा आणि लेक पार्कमध्ये, आणि तू आई-बाबांना घेऊन ११ नंबरच्या बसने सेंट अ‍ॅन्स आणि पुढे लिदमला जा. लिदमला समुद्राकाठी हिरवळीवर पांढरी पवनचक्की आहे, सपाट रस्ता, बाकं भरपूर. किंवा उलट्या बाजूला ट्रामने शेवटपर्यंत, 'फ्लीटवुड फेरी' नावाच्या स्टॉपला. तिथे नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे नॉट एंडला छोटी होडी जाते. आईला पाण्याजवळ नुसतं बसायचं असेल तर फ्लीटवुड. जाताना डाव्या बाजूला बसव तिला, समुद्र त्या बाजूला असतो.