शब्दचर्चा: ‘अटक न्हाई वो, उचल्लं’

टंकलेखक:
तालुक्याच्या कोर्टासमोर अर्ज टाइप करून देण्याचं काम करतो. मागच्या आठवड्यात पारधी वस्तीवरच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, “शनवारी राती मालकाला उचल्लं, आन् कागदावर सोमवार हाय.” वकीलसाहेबांनी दिलेल्या मजकुरात ‘अटक केली’ असं होतं. मी वाचून दाखवलं तर बाई अडल्या. “अटक न्हाई वो, उचल्लं.” दोन्ही एकच म्हणून मी समजूत घालत होतो, पण बोलता बोलता मलाच खात्री वाटेना. ‘उचलणे’चा हा अर्थ कोशातला धरायचा की नुसती बोली? ‘ताब्यात घेतले’ लिहिलं तर भागेल का?

परळीकर:
मूळ संस्कृत उद् + चल्. पण बीडच्या माणसाला ‘उचल’ म्हटलं की आधी पोलीस आठवत नाहीत, मजुरांची टोळी जमवणारा मुकादम आठवतो. ऊसतोडीला जाण्याआधी कोयत्यामागं (नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता) जी आगाऊ रक्कम मिळते ती उचल. उचल घ्यायची, हंगामभर फेडायची. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तरी फिटली नाही तर ‘बाकी’ अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच टोळीत जावं लागतं.
आता गंमत बघा, अर्थात गंमत म्हणायला जीभ रेटत नाही. उचल घेऊन एखादा फडावर गेलाच नाही, तर मुकादमाची माणसं येतात आणि त्याला ‘उचलून’ नेतात. आधी त्यानं उचल उचलली, मग त्यालाच उचलला! आमच्याकडं दोन्हीला क्रियापद एकच, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळही होत नाही.

जुना वकील:
परळीकरांनी सांगितलेलं ‘उचलून नेणं’ कायद्यात अपहरण होतं, डांबून ठेवलं तर बेकायदा कैद. उचलीच्या बदल्यात बळजबरीनं राबवलं तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. व्यवहारात मात्र उलटंही घडतं. मजुरावरच फसवणुकीची फिर्याद होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं कलम ३१८ झालं, तरी फडावर ते अजून ‘चारशे वीस’च आहे.

टंकलेखक, तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. बाई बरोबर आहेत, तुमचे वकीलसाहेब घाईत आहेत. अटक हा कागद असलेला शब्द आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेपासून २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटकेचा मेमो हवा, त्यावर तारीख-वेळ हवी, घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. घड्याळ सुरू होतं ते अटकेपासून. ‘उचललं’ला घड्याळच नाही. शनिवारी उचललं, सोमवारी अटक दाखवली, मंगळवारी हजर केलं, की कागद चोख. ‘दाखवली’ हा शब्द आम्ही कोर्टात रोज वापरतो, त्यात काय काय येतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.
म्हणून अर्जात तुम्ही ‘सोमवारी अटक’ लिहिलंत तर बाईंची तक्रार त्यांच्याच अर्जानं खोडली.

लातूरकर:
‘ताब्यात घेतले’ तर मुळीच लिहू नका. तो वर्तमानपत्रांचा शब्द, उचललं आणि अटक यांच्या मधला, कुणालाच न दुखावणारा. तसाच ‘जेरबंद’. तो मुळात घोड्याचा पट्टा आहे, घोड्यानं मान वर झटकू नये म्हणून बांधायचा. बातम्यांत माणसांना सर्रास बांधतात.
‘उचल्या’ कुणी अजून काढला नाही याचं नवल वाटलं. लक्ष्मण गायकवाडांचं त्या नावाचं आत्मकथन आमच्या लातूर जिल्ह्यातलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. एका जमातीचं नाव आणि भुरट्या चोराला शब्द, दोन्ही एकच. ‘भामटा’चंही तेच. विमुक्त जातींच्या सरकारी यादीत भामटा ही जात आहे, आणि आपण तोच शब्द ठकाला बिनदिक्कत लावतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं मराठवाड्यातल्या या लोकांच्या कपाळी शिक्का मारला तो असा भाषेत उतरला.

जुना वकील:
थोडी दुरुस्ती. १८७१ चा कायदा ब्रिटिश मुलखाचा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता, तेव्हा तो थेट इथं लागू नव्हता. भाषेतला शिक्का तर कायद्याच्या आधीचाही असू शकतो, सगळं इंग्रजांच्या माथी मारू नये. जमात गुन्हेगार ठरवणारा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण पुढं १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आलाच. ‘सराईत’ म्हणजे मुळात सरावलेला. पूर्वी हात सराईत असणं ही तारीफ होती.

किनवटकर:
आमच्या जंगलपट्ट्यात, गोंड-कोलामांच्या गुड्यांवर (वस्त्यांवर), ‘उचललं’ कमी ऐकू येतं. ‘फारेष्टवाल्यानं धरलं’ म्हणतात. त्यात वेळेचं भांडण नसतं, सरपणाचं असतं. पीओआर (वनगुन्ह्याचा पहिला अहवाल) फाटला, कुऱ्हाड जप्त, माणूस संध्याकाळी घरी. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मोह-तेंदू गोळा करणं हा हक्क झाला, तरी ‘धरलं’ काही जात नाही.

परळीकर:
अधिकाऱ्याची बदली झाली की पेपरात ‘उचलबांगडी’ येते. तेवढीच एक उचल वरच्या माणसाच्या वाट्याला.

टंकलेखक:
सर्वांचे आभार. वकीलसाहेबांना विचारून ‘उचलून नेले’ हेच ठेवलं, अटकेची तारीख वेगळ्या ओळीत टाकली. आता अडचण वेळेची. “किती वाजता?” विचारलं तर बाई म्हणाल्या, “कोंबडं आरवायच्या आधी, चांदनी पालावर आलती तवा.” मी ‘पहाटे ४ च्या सुमारास’ लिहू का?

जुना वकील:
चार कुणी पाहिले? उलटतपासणीत “तुमच्याकडं घड्याळ होतं का?” हा पहिला प्रश्न येईल आणि अख्खा अर्ज खोटा ठरेल. बाईंचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात घाला. आणि त्यांना विचारा, तेव्हा पालात आणखी कोण जागं होतं.