विस्थापितांना गावच्या बैठकीत बोलायचा हक्क असतो का?

प्रश्न: पुरानंतर आम्ही दुसऱ्या गावात राहतोय. पाण्याच्या टाकीची जागा ठरली, पण आम्हाला कुणी विचारलंच नाही. बायका अंधारात हंडे घेऊन लांब जातात. मतदार यादीत नाव अजून जुन्याच गावी. आम्ही कुणाकडे बोलायचं?

उत्तर १: हक्क आहेच. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २२ वं तत्त्व मतदान आणि सार्वजनिक कामकाजातल्या सहभागाबद्दल आहे. १८ वं तर मूलभूत पुरवठ्याच्या नियोजनात बायकांचा पूर्ण सहभाग मागतं. तुमच्या टाकीला हेच लागू पडतं! ती तत्त्वं म्हणजे थेट कायदा नव्हे, तरी अर्ज करा आणि त्यात त्यांचा दाखला जरूर द्या.

उत्तर २: युक्रेनने २०२० मध्ये विस्थापितांना राहत्या ठिकाणी स्थानिक निवडणुकीत मतदानाची वाट मोकळी केली. हेही लिहा.

प्रश्नकर्ती: आभार. अर्ज आजच लिहिते. बैठकीत आमच्यातली एक बाई हवी, टाकीजवळ दिवा हवा.