मदत हवी आहे: विहिरींच्या पाणीपातळीची नोंद घेणारा पायथनमधील मल्टिथ्रेडेड सर्व्हर आठवडाभरात नवी कनेक्शने घेणे थांबवतो

नमस्कार.

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आमच्या शेतकरी गटाने विहिरी आणि बोअर यांची पाणीपातळी मोजणारी ६० यंत्रे बसवली आहेत. प्रत्येक यंत्रात सिमकार्डाचा मोडेम आहे. यंत्र एकदा कनेक्शन जोडते, ते उघडेच ठेवते आणि दर १० मिनिटांनी एक ओळ पाठवते. तीत यंत्राचा क्रमांक, नोंदीचा अनुक्रमांक, वेळ आणि जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये असते. या नोंदी घेण्यासाठी मी पायथनच्या सॉकेटसर्व्हर मॉड्यूलमधील थ्रेडिंग टीसीपी सर्व्हर वापरला आहे. कनेक्शन आले की त्याच्यासाठी स्वतंत्र थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारे काम) सुरू होतो, तो रिसीव्ह (आलेले बाइट घेण्याची आज्ञा) करून आलेली ओळ वाचतो आणि थेट एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये टाकतो. यंत्राला उलट उत्तर काहीही जात नाही.

टेबलावर लॅपटॉपवरून चाचणी घेतली तेव्हा सर्व व्यवस्थित चालले. प्रत्यक्ष शिवारात मात्र थ्रेडची संख्या रोज वाढत जाते आणि आठवडाभरात लॉगमध्ये त्रुटी क्रमांक २४, म्हणजे उघड्या फाइलींची मर्यादा संपल्याची सूचना येऊन नवी कनेक्शने बंद पडतात. त्या वेळी सर्व्हर नीट बंद करायला गेल्यास तो बंदही होत नाही, प्रोसेस जबरदस्तीने मारावी लागते. याशिवाय कधी दोन नोंदी एकमेकींना चिकटून येतात, कधी एकच नोंद दोन तुकड्यांत येते, आणि अधूनमधून डेटाबेस लॉक असल्याची त्रुटी येऊन नोंद गहाळ होते.

एक निरीक्षण महत्त्वाचे वाटते. यंत्रांना वीज मोटारीच्या स्टार्टरजवळूनच दिलेली आहे आणि आमच्याकडे थ्री फेज ठरावीक तासांनाच असते. वीज गेली की त्या फीडरवरची सर्व यंत्रे एका क्षणात बंद होतात, आणि आली की सर्व एकदम कनेक्शन मागतात. थ्रेडची संख्या वाढण्याच्या वेळा या वेळापत्रकाशी जुळतात.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. फेब्रुवारीत कोणत्या विहिरीची पातळी किती वेगाने उतरते आहे हे कळले, तर उन्हाळी पीक घ्यायचे की नाही याचा निर्णय गट वेळेत घेऊ शकतो. म्हणून एकही नोंद हरवू नये अशी माझी इच्छा आहे. थ्रेडची पद्धत सोडून दुसरे काही वापरावे का, की आहे त्यातच सुधारणा शक्य आहे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (परभणीहून)

आपले निरीक्षण अचूक आहे आणि मूळ कारणही तेच आहे. कनेक्शन रीतसर बंद करताना यंत्र समोरच्याला तसा निरोप पाठवते. वीज अचानक गेली तर तो निरोप निघतच नाही. सर्व्हर स्वतः काही पाठवत नसल्यामुळे पलीकडे कोणी उरलेले नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि रिसीव्हवर थांबलेला थ्रेड थांबूनच राहतो. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर नवे कनेक्शन, नवा थ्रेड, जुना तसाच. लिनक्सवर एका प्रोसेसला साधारणपणे १०२४ फाइली उघडता येतात आणि प्रत्येक सॉकेट, म्हणजे कनेक्शनचे सर्व्हरकडील टोक, त्यात मोजला जातो. ही मर्यादा वाढवल्यास बिघाड फक्त पुढे ढकलला जाईल.

यावर टीसीपी कीपअलाइव्ह (शांत कनेक्शनवर पलीकडे कोणी आहे का याची आपोआप चौकशी) सुचवले जाते, परंतु ते प्रत्येक सॉकेटवर मुद्दाम सुरू करावे लागते आणि लिनक्सच्या मूळ मांडणीत पहिली चौकशी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारून मग कनेक्शन मृत ठरते. आपल्याला त्यापेक्षा सोपा उपाय उपलब्ध आहे. यंत्र दर १० मिनिटांनी बोलणार हे ठरलेलेच आहे, तेव्हा सॉकेटला २५ मिनिटांचा टाइमआउट (वाट पाहण्याची कमाल मुदत) द्या. म्हणजे एखादी नोंद चुकली तरी चालेल, लागोपाठ दोन चुकल्या तर कनेक्शन तोडायचे. सॉकेटसर्व्हरमधील स्ट्रीम रिक्वेस्ट हँडलर (एकेक कनेक्शन हाताळणारा तयार वर्ग) वापरल्यास टाइमआउट त्या वर्गाच्या पातळीवरच लिहिता येतो. टाइमआउट झाल्यावर तेच कनेक्शन पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करू नका, ते बंदच करा, कारण हँडलर ज्या फाइलवस्तूतून ओळी वाचतो ती त्यानंतर वाचू देत नाही.

ओळी चिकटण्याचा प्रश्नही याच हँडलरने सुटतो. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे. पाठवणाऱ्याने एका वेळी जे पाठवले ते घेणाऱ्याला एकाच वेळी मिळेल असे कोणतेही आश्वासन त्यात नाही. म्हणून रिसीव्हऐवजी पूर्ण ओळ वाचणारे रीडलाइन वापरावे आणि ओळीच्या लांबीला मर्यादा घालावी. शेवटी नव्या ओळीचे चिन्ह नसलेली ओळ अपुरी समजून टाकून द्यावी, नाहीतर ११४५ सेंटिमीटरऐवजी ११४ अशी नोंद होईल आणि विहीर काठोकाठ भरत आल्यासारखी दिसेल.

डेटाबेसमध्ये लिहिण्याचे काम एकाच थ्रेडकडे द्या. बाकीच्या थ्रेडनी नोंद क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, ठेवायची. पायथनची क्यू थ्रेडसाठी सुरक्षित आहे, वेगळे लॉक लागत नाही. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देते, आणि पायथनमध्ये वाट पाहण्याची मूळ मुदत ५ सेकंद असते; साठ थ्रेड एकदम लिहायला आले की ही मुदत उलटते.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. दोन शंका राहतात. नोंद क्यूमध्ये आहे आणि सर्व्हरच्याच ठिकाणची वीज गेली, तर ती नोंद जाणार का? आणि थ्रेडची संख्या आटोक्यात राहावी म्हणून २० थ्रेडचा पूल (आलटूनपालटून वापरायचा ठरावीक थ्रेडचा संच) केला तर चालेल का?

प्रतिसाद (परभणीहून)

पहिली शंका फार योग्य आहे. क्यू ही मेमरीत असते, त्यामुळे नोंद जाईल. म्हणून यंत्राला पोच द्यायला हवी, आणि ती नोंद डेटाबेसमध्ये कमिट (कायमची जतन) झाल्यानंतरच द्यायला हवी. हँडलरने नोंदीबरोबर एक इव्हेंट (एका थ्रेडने दुसऱ्याला इशारा देण्याची खूण) क्यूमध्ये ठेवावा आणि त्यावर थांबावे. लिहिणाऱ्या थ्रेडने कमिट करून इव्हेंट सेट केला की हँडलरने नोंदीचा अनुक्रमांक यंत्राकडे परत पाठवावा. पोच मिळेपर्यंत यंत्राने नोंद स्वतःच्या मेमरीतून पुसू नये. यात पोच वाटेत हरवल्यास तीच नोंद दुसऱ्यांदा येईल, म्हणून यंत्राचा क्रमांक आणि अनुक्रमांक या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचा नियम) घालून दुबार नोंद दुर्लक्षित करावी, मात्र तिची पोच अवश्य द्यावी. यंत्राने सेंड केले म्हणजे नोंद पोहोचली असे धरणे सर्वांत धोक्याचे आहे. सेंडचा अर्थ फक्त मोडेमने ती ताब्यात घेतली एवढाच होतो.

पूल आपल्या मांडणीत चालणार नाही. कनेक्शन उघडे राहते तोपर्यंत थ्रेड अडकलेला असतो, त्यामुळे पहिली २० यंत्रे जागा अडवतील आणि उरलेली ४० ताटकळतील. यंत्राने दर वेळी जोडून, नोंद देऊन, पोच घेऊन लगेच तोडायचे असे ठरवले तर पूल उत्तम. अन्यथा ६० थ्रेड हा भार मुळीच नाही. ते बहुतेक वेळ वाट पाहत असतात आणि वाट पाहताना पायथनचा ग्लोबल लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारे कुलूप) सोडलेला असतो. यंत्रे हजारोंच्या घरात गेली तर असिंकआयओकडे (एकाच थ्रेडमध्ये अनेक कनेक्शने सांभाळणारे पायथनचे मॉड्यूल) वळावे.

सर्व यंत्रे एकदम येतात त्यासाठी सॉकेटसर्व्हरमधील प्रतीक्षारांगेची (स्वीकारले जाण्याची वाट पाहणाऱ्या कनेक्शनांची) मर्यादा ५ असते, ती १२८ करा, आणि वीज आल्यावर प्रत्येक यंत्राने ० ते ६० सेकंदांमधील कोणताही कालावधी थांबून मग जोडावे. सर्व्हर बंद न होण्याचे कारण असे की पायथन ३.७ पासून तो बंद होताना सर्व थ्रेड संपण्याची वाट पाहतो. हँडलरचे थ्रेड डीमन (ज्यांच्यासाठी प्रोग्राम बंद होताना थांबत नाही असे) करा, पण लिहिणारा थ्रेड तसा करू नका. बंद करताना क्यूमध्ये शेवटची खूण टाकून त्याचे काम पूर्ण होऊ द्या. पुन्हा सुरू करताना पत्ता वापरात असल्याची त्रुटी आल्यास पत्ता पुन्हा वापरण्याची परवानगी चालू करावी.

मूळ प्रश्नकर्ता

पोचेसाठी यंत्रातील प्रोग्रामही बदलावा लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक विहिरीवर जावे लागेल. तोपर्यंत टाइमआउट, रीडलाइन आणि लिहिण्याचा एकच थ्रेड हे तीन बदल सर्व्हरवर आजच करतो. पोच न समजणाऱ्या जुन्या यंत्रांना ती पाठवल्यास त्यांच्या वाचण्याच्या बफरमध्ये अडचण होऊ शकते, म्हणून नव्या प्रोग्रामच्या ओळीच्या सुरुवातीला आवृत्तीचा अंक जोडून केवळ त्याच यंत्रांना पोच द्यावी असे ठरवले आहे. यात काही उणीव दिसत असल्यास कृपया सांगावे.